अंबड परिसरातील पुनर्विकासात जमिनीचा वापर व मोकळी माती यांबाबत नियम करण्याविषयी निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका, नाशिक
(महासभेच्या पटलावर ठेवण्याच्या विनंतीसह)

महोदय,

अंबड गावठाण आणि त्याला लागून असलेल्या सिडको वसाहतींमध्ये जुनी घरे पाडून नवी बांधकामे उभी राहत असताना, भूखंडाचा किती भाग बांधला जावा आणि किती माती उघडी राहावी हा प्रश्न प्रत्येक प्रस्तावापुरता न सोडता नियमानेच निकाली काढावा, अशी या परिसरातील रहिवासी व लघुउद्योजक यांची मागणी आहे.

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने, म्हणजे इमारतीची उंची, सामासिक अंतरे आणि चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल याचे प्रमाण) ठरविणाऱ्या राज्यव्यापी नियमांनी, ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या जमिनीच्या अभिन्यासात १० टक्के क्षेत्र करमणुकीच्या मोकळ्या जागेसाठी राखणे बंधनकारक केले आहे. सिडकोच्या योजनांमधील घरांचे भूखंड मात्र इतके लहान आहेत की ही अट त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. परिणामी एकेक घर नियमात बसवून नव्याने बांधले जाते आणि संपूर्ण गल्ली मात्र फरशी व काँक्रीटखाली जाते. नियमभंग कोणीच केलेला नसतो, हेच या स्थितीचे अवघड अंग आहे. म्हणून एका गल्लीतील किंवा एका योजनेतील पुनर्बांधणीचे एकत्रित क्षेत्र धरून मोकळ्या जागेचे प्रमाण ठरवावे, आणि ते भूखंडात शक्य नसेल तेथे रस्त्याकडेला वृक्षपट्टा राखून भरून काढावे.

मोकळी जागा याचा अर्थही स्पष्ट व्हावा. वाहनतळाच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, मातीचा पातळ थर पसरून केलेली हिरवळ डोळ्यांना सुखावत असली तरी तिच्यातून पाणी जमिनीत उतरत नाही आणि वड, उंबर, करंज यांसारखा वृक्ष तेथे वाढत नाही. नाशिकच्या भूमीखाली बेसाल्ट खडक आहे, ज्याच्या भेगांतूनच पाणी मुरते. तळघरांसाठी सीमेपासून सीमेपर्यंत खोदाई झाली की पावसाचे पाणी नाल्यांवाटे नंदिनी, वालदेवी आणि पुढे गोदावरीकडे धावते. त्यामुळे तळघर व पोडियम यांपासून मुक्त असलेला, थेट जमिनीशी जोडलेला भाग आराखड्यात वेगळ्या रंगाने दाखविल्याशिवाय परवानगी देऊ नये, आणि भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी (इमारत वापरण्यास दिलेल्या मान्यतेपूर्वी) त्याची प्रत्यक्ष मोजणी व्हावी.

अंबड औद्योगिक वसाहतीच्या सीमेवरचा प्रश्न वेगळा आहे. तेथील भूखंडांवर नियोजनाचा अधिकार महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा असल्याने रस्त्याच्या एका बाजूस एक नियम व दुसऱ्या बाजूस दुसरा, अशी स्थिती आहे. अंबड-सातपूर लिंक रोडवरील अनधिकृत भंगार बाजार जानेवारी २०१७ मध्ये हटविण्यात आला, तरी तो पुन्हा उभा राहिला. मोकळ्या केलेल्या जमिनीला ठरावीक वापर न दिल्यास अतिक्रमण परतते, हे त्यातून दिसले. महापालिका व महामंडळ यांनी संयुक्तपणे सीमेवरील जमिनींचा वापर निश्चित करून कारखाने व घरे यांच्यामध्ये दाट वृक्षराजी राखावी.

१९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार ५० वर्षे व त्याहून जुना वृक्ष वारसावृक्ष ठरतो, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावणे अपेक्षित आहे. ही झाडे दूरच्या जागेत दाखवून मोकळे होण्याऐवजी ती त्याच प्रभागात लावली जावीत. तपोवनातील साधुग्रामासाठीच्या (कुंभमेळ्यातील साधूंच्या निवासस्थळासाठीच्या) वृक्षतोडीवरून २०२५ च्या अखेरीस उसळलेला असंतोष पाहता, पुनर्विकासाचा प्रस्ताव दाखल होतानाच झाडांची वयासह नोंद मागविणे शहाणपणाचे ठरेल.

यांपैकी परवानगीच्या अटी, मोजणी आणि वृक्षनोंद या बाबी प्रशासनाच्या अखत्यारीतच आहेत. नियमावलीत बदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे नागरिकांच्या हरकती व सूचना मागवून शासनाची मंजुरी घ्यावी लागेल. तसा ठराव महासभेपुढे ठेवावा आणि हरकतींची सुनावणी अंबड येथेच, कामगारांना हजर राहता येईल अशा सुट्टीच्या दिवशी घ्यावी, ही विनंती.

निवेदनकर्ते,
अंबड परिसरातील रहिवासी व लघुउद्योजक