शिट्टी, दोरी आणि 'मर्दानी' अक्कल

मंडळी, एक सरळ प्रश्न. भाला हातातून सुटण्याआधी समोरचं मैदान रिकामं आहे, याची खात्री कोणी करायची? फेकणाऱ्याने? सरांनी? की ज्याला तो लागणार आहे त्याने?

विनोद नाहीये हा. सप्टेंबर २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात शाळेच्या मैदानावर सराव चालू होता. एका विद्यार्थ्याने फेकलेला भाला दुसऱ्याच्या डोक्यात शिरला आणि पंधरा वर्षांचं पोरगं गेलं. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये आसामच्या छाबुआला सरावात बारा वर्षांच्या तिरंदाज मुलीच्या मानेजवळ बाण घुसला. तो काढायला तिला थेट दिल्लीच्या एम्समध्ये न्यावं लागलं. सुदैवाने ती वाचली.

अशा बातम्यांवर आपला शिक्का ठरलेला: 'दुर्दैवी घटना'. की विषय संपला! आमच्या धंद्यात सर्व्हर झोपला आणि कोणी 'दुर्दैव' असं कारण लिहून पाठवलं तर मॅनेजर त्याला उभा सोलेल. मग पोराचा जीव सर्व्हरपेक्षा स्वस्त आहे का?

बरं, नियम शोधून काढायचेत असंही नाही. जागतिक तिरंदाजीत सगळा कारभार शिट्टीवर चालतो. दोन शिट्ट्या - रेषेवर या. एक - बाण सोडा. तीन - थांबा, आता बाण आणायला जा. आणि पाच किंवा जास्त वाजल्या, की धोका आहे, सगळं तिथल्या तिथे बंद. बाणाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर असतो, म्हणजे ५० मीटर जायला त्याला एक सेकंदही लागत नाही. 'अरे बाजूला हो' म्हणेपर्यंत खेळ खल्लास. म्हणून ओरडण्यावर भरवसा नाही, क्रमावर आहे. कोणी पुढे असताना धनुष्याला बाणच लावायचा नाही, इतकं साधं.

भालाफेकीत तर याहून भारी गोष्ट झाली. १९८४ मध्ये उवे होन या जर्मन खेळाडूने १०४.८० मीटर भाला फेकला. मैदानं अपुरी पडायची वेळ आली, शिवाय भाले आडवे पडून घसरत जायचे ते वेगळंच. मग १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला. भाला लवकर खाली झुकू लागला, टोकावर पडू लागला. सुरक्षेपुढे विश्वविक्रमाचंही कौतुक ठेवलं नाही, डिझाइनच बदललं! (याला म्हणतात इंजिनियरिंग.)

आणि आपण? नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ ला सुवर्ण जिंकल्यावर पोरांना भाल्याचं वेड लागलं. चांगलंच झालं. पण भाल्याबरोबर दोरी, शिट्टी आणि लक्ष ठेवणारा एक माणूस किती मैदानांवर आला?

आता आमच्या बीडकडे या. आमच्याकडे शिवजयंतीची मिरवणूक म्हणजे जल्लोष. ढोल, हलगी आणि मर्दानी खेळ. दांडपट्टा तर १९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला. अभिमान आहेच. पण पट्ट्याची खोबळ कोपरापर्यंत असते, त्यामुळे मनगट वळत नाही, फिरवायचं ते खांद्यातून. साडेतीन-चार फुटांचं लवचीक पातं आणि वर हाताची लांबी. म्हणजे सहा फुटांच्या आत उभा असलेला प्रत्येक माणूस टप्प्यात. आणि मिरवणुकीत लोक कुठे असतात? बरोबर. मोबाइल घेऊन तीन फुटांवर, बापाच्या खांद्यावर पोरगं. तलवारीने केक कापणाऱ्यावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. माणसाच्या मानेवर काकडी ठेवून कापली की मात्र टाळ्या!

यावर एक हमखास उत्तर येतं: "मावळ्यांनी कुठे सेफ्टी बघितली होती?" अहो, १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाला भेटायला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्याला लोखंडी टोप घातला होता. अवघ्या स्वराज्यात त्यांच्याइतका शूर कोण होता? ज्यांच्या नावाने घसा कोरडा करता, त्यांनी धोका ओळखून तयारी केली होती. तुम्ही एक दोरी बांधू शकत नाही?

दुसरं उत्तर: "नियम लावले तर खेळच मरेल." उलट आहे. अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झालेली मध्ययुगीन हौशी लोकांची एक संस्था धनुष्यबाण, कुऱ्हाडी, भाले फेकण्याचा खेळ करते. ती माणसं निव्वळ हौसेखातर खेळतात, तरी तिथे मार्शल म्हणून नेमलेला माणूस 'थांबा' म्हणाला की सगळे थांबतात. त्यात कोणाची मर्दानगी कमी होत नाही. खेळ मरतो तो एका अपघातानंतर, जेव्हा घाबरलेले पालक पोरं काढून घेतात आणि शाळा भाले कुलपात टाकते.

मागणी फार मोठी नाही. सरावाला एक जबाबदार माणूस, त्याच्या गळ्यात शिट्टी. फेकीच्या दिशेला कोणी नाही याची प्रत्येक वेळी खात्री. वस्तू आणायला सगळे एकदम जाणार, एकेकटे नाही. मिरवणुकीत आखाड्याभोवती दोरी, आणि जिवंत माणसावर लिंबू-काकडी कापणं बंद. बजेट लागत नाही, जीआर लागत नाही.

येत्या शिवजयंतीला तुमच्या मंडळाची मीटिंग होईल. डीजेचा आवाज किती, यावर दोन तास वाद होईल. त्यातली पाच मिनिटं दोरी कोण धरणार, यावर घालवा. आणि कोणी पुढे येत नसेल, तर तुम्हीच धरा.