पाना कुणाच्या हातात?

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला एका वस्तीतून निरोप आला. नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई, सोबत दोन लहान मुलं. संघटनेची गाडी घेऊन आम्ही दोघी निघालो. चढावर गाडी मिसिंग मारू लागली आणि गचके खात बंद पडली. पोचायला पहाट झाली. तोवर ती बाई मुलांना घेऊन एसटी स्टँडवर बसून होती.

ही गाडी म्हणजे २०१२ सालची, दोन हात फिरून आमच्याकडे आलेली मारुती ८००. आठवड्यापूर्वीच ती गॅरेजमधून आली होती. बिलात ‘तीन नवे प्लग’ असे लिहिलेले. जाब विचारायला गेले, तर मेकॅनिक म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला नाही कळायचं. साहेबांना पाठवा.’ आमच्या संघटनेत साहेब नाहीत!

मग आम्हीच बॉनेट उघडले. तीन सिलिंडर, तीन प्लग. इंजिन पूर्ण गार होऊ दिले. भोवतीची धूळ पुसली, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. वायर ओढायची नाही, टोपी धरून काढायची. आणि एका वेळी एकच, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. नवा प्लग आधी नुसत्या हाताने फिरवत बसवायचा. हेड ॲल्युमिनियमचे असते, आटे गेले तर मोठा खर्च. हाताने घट्ट झाला की पान्याने साधारण अर्धा फेरा, बस्स. ‘हे ताकदीचं काम, बायकांचं नाही’ म्हणणाऱ्यांनी नीट ऐकावे: इथे जास्त ताकद लावली तर काम बिघडते.

निघालेले प्लग पाहिले आणि बिलातला खोटेपणा हातात आला. टोके झिजून गोल झालेली. नव्या प्लगची आठवड्यात अशी दशा होत नाही. दोन प्लगांवर कोरडी काळी काजळी होती, म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर पाहिला तर तो चोंदलेला. तिसरा तेलाने ओला, म्हणजे आत ऑइल जळते आहे. ‘डॉक्टरांची गाडी, जपून वापरलेली’ म्हणून दलालाने ती आमच्या गळ्यात मारली होती. प्लग चांगला असेल तर टोक फिकट तपकिरी दिसते, एवढे माहीत असते तरी तेव्हाच फसलो नसतो.

हे मी शिबिरात सांगितले, तर आपल्याच एक कार्यकर्ती म्हणाल्या, ‘गाडी हा मध्यमवर्गीय प्रश्न आहे.’ मैत्रिणींनो, हे मला मुळीच मान्य नाही. आपल्या आया रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारत होत्या, पंपाचा वॉशर बदलत होत्या. त्याला कुणी मेकॅनिकचे काम म्हटले नाही, कारण स्टोव्ह स्वयंपाकघरात होता. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन शंभरेक किलोमीटर गेली, तेव्हा वाटेत तुंबलेली पेट्रोलची नळी तिने टोपीच्या पिनेने साफ केली म्हणतात. पीन तीच, पण मोटार बाहेर पडली आणि पाना पुरुषाच्या हाती गेला. आजही बायकांसाठी प्रशिक्षण म्हटले की शिवणकाम नाहीतर ब्यूटी पार्लर. आपणही तेच वर्ग चालवतो, हे कबूल करायला हवे. समाजकार्याच्या दोन वर्षांच्या एम.ए.त मला समुपदेशन शिकवले, स्टेपनी बदलायलासुद्धा नाही.

मेकॅनिकवर माझा राग आहेच. पण तोही बहुधा कोवळ्या वयात, कुणाच्या शिव्या खात शिकला असेल. निदान त्याला कुणीतरी शिकवले.

तिसऱ्या सिलिंडरचे काम घरी होणारे नाही, त्यासाठी गॅरेजची पायरी चढावीच लागेल. सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत. तो तेलकट प्लग आणि ते बिल पिशवीत घेतले आहे.