शेवटचं कडवं कुठं गेलं?

14 जानेवारीला, नामविस्तार दिनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी गाण्यांचे स्टॉल लागतात. 1994 साली विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं, तो जमाना कॅसेटींचा. मग सीडी आल्या, मग मेमरी कार्ड भरून देणारी मोबाइलची दुकानं, आता पेनड्राइव्ह. यातली बरीच गाणी न विचारता कॉपी केलेली, तरी लोक फुकटे आहेत असं मला वाटत नाही. कार्ड भरून घेणारा पोरगा दुकानदाराला पैसे मोजतच होता. ते गाणाऱ्यापर्यंत जात नव्हते, एवढंच.

स्वतंत्र बँड म्हटलं की आपल्याला गिटारवाली शहरी पोरं आठवतात. मराठवाड्यातले स्वतंत्र बँड म्हणजे गायन पार्ट्या. एक गायक, ढोलकी, बेंजो, पेटी, मागं कोरस आणि भाड्याची गाडी. पाठीशी कंपनी नाही. आंबेडकर जयंतीच्या हंगामात इसार मिळतो, त्यावर वर्ष ओढायचं. स्वतःच्या खर्चानं रेकॉर्ड केलेलं गाणं यूट्यूबवर टाकलं की चार दिवसांत ते दुसऱ्याच कुणाच्या चॅनेलवर दिसतं. मोठ्या कंपनीचं गाणं उचललं तर निदान तिचे वकील तरी असतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: बाबासाहेबांचं गाणं, त्याचे कसले पैसे? शिवाय कितीतरी भीमगीतांच्या चाली सिनेमातूनच घेतलेल्या, तेव्हा कुणी कुणाला विचारलं होतं? दुसरा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पहिला मात्र मला पटत नाही. भीमगीतांचे कवी-गायक वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात फिरले. गाव त्यांना जेवू घालायचं, मुक्कामाला ठेवायचं, जमेल ती बिदागी हातावर ठेवायचं. गरीब वस्त्यांनीही गाणं फुकटात घेतलं नव्हतं.

वामनदादांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. संतांच्या अभंगापासूनची ही रीत. छापील पुस्तक नसलं, कॅसेटचं वेष्टन हरवलं, तरी कवी गाण्यातच बसलेला. आता डीजेच्या मिक्समध्ये आणि तीस सेकंदांच्या रीलमध्ये पहिली ओळ ठेवतात, ठेका वाढवतात आणि नेमकं तेच कडवं उडवतात. पैसे बुडवण्यापेक्षा मला हे जास्त लागतं. वामनदादा 2004 साली गेले, त्यांच्या शब्दांवर कायद्यानं साठ वर्षं, म्हणजे 2064 अखेरपर्यंत, हक्क आहे. पण शेवटचं कडवं कापलं म्हणून कोर्टाची पायरी कोण चढणार?

स्वतःहून फुकट देणाऱ्यांशी माझं भांडण नाही. 'इंडियन ओशन' या बँडनं 2010 पासून आपला अल्बम महिन्याला एक गाणं असा इंटरनेटवर मोफत सोडला. तो त्यांचा निर्णय होता, त्यांच्या मैफिलींना तिकीटही होतं. आपल्याकडच्या शाहिरानंही 'घ्या, पसरवा' म्हटलं तर खुशाल पसरवावं. बहुतेक जण म्हणतीलही. विचारायला कुणी जात नाही.

जयंतीच्या मिरवणुकीत साउंडच्या ट्रकचं भाडं रोख दिलं जातं. जनरेटरच्या डिझेलचे, लाइटवाल्याचे, डीजेचे पैसेही ठरलेले असतात. मंडळाच्या जमाखर्चात या सगळ्यांच्या नोंदी सापडतील. ज्याचं गाणं रात्रभर वाजलं, तो बहुधा त्याच रात्री शेजारच्या तालुक्यात बिदागीवरून घासाघीस करत असतो.