कमी ऐकू येतं? संगीत डोळ्यांनीही ऐका!

श्रवणयंत्र लावलेले अनेक रुग्ण सांगतात, "डॉक्टर, बोलणं कळतं, पण संगीतात मजा राहिली नाही." मग ते संगीत ऐकणंच सोडतात. माझ्या मते ही घाई होते.

वयानुसार अंतर्कर्णातील केसपेशी झिजतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, बासरी, ट्रम्पेट, चेलो एकाच वेळी वाजतात. अशा कानाला तो नुसता गोंगाट वाटू शकतो. श्रवणयंत्रंही मुख्यतः बोलणं समजावं म्हणूनच बनवलेली असतात.

इथे डोळ्यांची मदत घ्या. अमेरिकेतील स्टीफन मालिनोव्स्की यांनी १९८५ साली 'म्युझिक अ‍ॅनिमेशन मशीन' तयार केलं. त्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. स्वर उंच असेल तर त्याची रंगीत पट्टी वर दिसते, स्वर लांबला तर पट्टीही लांब. स्वरलिपी यायची गरज नाही. बीथोवनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात पाहा. तीन आखूड स्वर, मग एक लांब. हीच आकृती पुढे वाद्यावाद्यांतून फिरताना दिसते. लक्ष कुठे द्यायचं हे डोळ्यांनी दाखवलं, की ती ओळ कानाला वेगळी काढणं सोपं जातं.

हा उपचार मात्र नव्हे. गेलेली श्रवणशक्ती याने परत येत नाही. ऑडिओमेट्री टाळू नका, आवाज वाढवत नेऊ नका. श्रवणयंत्रात संगीतासाठी वेगळा प्रोग्राम करता येईल का, हे ऑडिओलॉजिस्टना जरूर विचारा. आणि अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा.