घरं बांधून झाली, मोहल्ला राहून गेला

शहरातून कोणत्याही बाजूने बाहेर पडा. हर्सूलवरून सावंगीकडे जा, जटवाडा रोडने जा, पडेगाव-मिटमिट्याकडे जा, नाहीतर बीड बायपास ओलांडून सातारा-देवळाईत शिरा. जिथे काही वर्षांपूर्वी ज्वारी आणि कपाशी उभी होती, तिथे आता चुन्याच्या पांढऱ्या रेघा दिसतात, कोपऱ्याकोपऱ्यावर पुरलेले दगड दिसतात आणि सुरुवातीला एक कमान दिसते. कमानीवर नाव असतं अमुक पार्क, तमुक सिटी. आत पाच-पंचवीस घरं, छतावर काळ्या टाक्या, दारात ड्रम. रस्ता म्हणजे मुरूम, आणि पावसाळ्यात तोही नाही.

या वस्त्यांमध्ये आपले नातेवाईक राहतात, आपले विद्यार्थी राहतात, आपल्यापैकी बरेच जण स्वतः राहतात. जुन्या शहरात तीन भावांचा संसार दोन खोल्यांत मावेनासा झाला की माणूस बाहेर पडणारच. अब्बांच्या हयातीत भाड्याच्या खोलीत काढलेले दिवस मुलांच्या वाट्याला येऊ नयेत असं वाटणारच. त्यामुळे घर घेणाऱ्याला नावं ठेवण्यासाठी हा लेख नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण घर विकत घेतो आणि वस्ती आपोआप तयार होईल असं समजतो. ती होत नाही. आणि न झालेल्या वस्तीची किंमत घर घेणारा पुरुष सर्वांत कमी भरतो. ती त्याची बायको भरते, आणि त्याहून जास्त त्याची मुलगी भरते.

आधी हा व्यवहार कसा होतो ते पाहू. शेतकऱ्याकडून एजंट एक-दोन एकर जमीन ठरवतो. एकराचे ४० गुंठे, गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट. प्लॉट पाडला जातो २० बाय ३० चा, म्हणजे ६०० चौरस फुटांचा, गुंठ्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीच्या एवढ्या लहान तुकड्याची रीतसर नोंदणी वर्षानुवर्षं होत नव्हती. म्हणून व्यवहार बाँड पेपरवर होत आला. बाँड पेपरवरच्या प्लॉटला बँक कर्ज देत नाही. मग दागिने मोडतात, भिशी उचलली जाते, आखातातला भाऊ पैसे पाठवतो. ‘बिनव्याजी हप्ते’ अशी जाहिरात असली की आपल्याकडच्या माणसाला ती दीनदारीचीही वाटते आणि सोयीचीही. जुम्म्याच्या नमाजनंतर हातात पडणाऱ्या अशा पत्रकांवर एक ओळ बहुधा असते, ‘मस्जिदसाठी जागा राखीव’. ‘शाळेसाठी जागा राखीव’ ही ओळ मी अजून वाचलेली नाही.

कोणी म्हणेल, शहर असंच वाढतं. आपल्या शहराचा इतिहास वेगळं सांगतो. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि काही वर्षांतच नहर खोदून तिला पाणी आणलं. लोटाकारंजा, मोतीकारंजा ही मोहल्ल्यांची नावंच पाण्यावरून पडली आहेत. मोगल काळात तटाबाहेर पुरे वसले. बेगमपुरा, जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा ही त्या काळची उपनगरंच. औरंगजेबाच्या सैन्यातल्या राजपूत सरदारांची नावं आजही त्यांतल्या काहींना चिकटलेली आहेत. अगदी अलीकडे, १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने त्याच दशकात इथे नवं औरंगाबाद आखायला घेतलं. एन-१, एन-२ असे सेक्टर पडले. रस्ते, ड्रेनेज, शाळेच्या जागा, मैदानं आधी नकाशावर आली, मग घरं. घर मिळायचं ते अर्ज करून, उत्पन्न गटाप्रमाणे. सिडकोतही उणिवा होत्या. पण तिथे वाढलेल्या मुलाला शाळेत चालत जाता येत होतं.

सिडकोला जे जमलं ते सगळ्यांना पुरलं नाही. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांनी मराठवाड्यातल्या दुष्काळी गावांतून माणसं ओढली. त्यांच्या पगारात सिडकोचं घर बसलं नाही, म्हणून गुंठेवारी वाढली. गुंठेवारी म्हणजे मुसलमानांची वस्ती, हा समज खोटा आहे. मुकुंदवाडी-पुंडलिकनगरपासून मिसारवाडी-नारेगावपर्यंत सगळ्या जातिधर्मांचे कष्टकरी अशाच प्लॉटवर राहतात. सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती करून मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. कागद नियमित झाले ही चांगलीच गोष्ट. पण कागद नियमित झाला म्हणून नऊ फुटांची गल्ली तीस फुटांची होत नाही, आणि जिथे घरं उभी राहिली तिथे मैदान उगवत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. जायकवाडीचं धरण उशाशी असून जुन्या शहरातही आठवड्याने नळ येतो. नवी पाणी योजना १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेली. तोवर नव्या वस्त्या टँकरवर. टँकर येतो तेव्हा पुरुष कामावर असतात. म्हणजे टँकरच्या वेळेप्रमाणे घरातल्या बाईचा दिवस ठरतो. जुन्या मोहल्ल्यात तीच बाई शेजारच्या खालाकडे पोर सोडून दवाखान्यात जाऊन येत होती. नव्या वस्तीत दोन्ही बाजूंचे प्लॉट रिकामे, त्यात गाजरगवत आणि संध्याकाळनंतर कुत्री. रिक्षा आत येत नाही. मुख्य रस्त्यापर्यंत चालत जायचं, तिथून शेअर रिक्षाने शहागंज. माझ्याकडे पालकसभेला येणाऱ्या आया पूर्वी घोळक्याने यायच्या. आता एकेकट्या येतात, बऱ्याच येतच नाहीत, आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘सर, किती वेळ लागेल?’

आता मुलींकडे येतो, कारण शिक्षक म्हणून हा लेख त्यांच्यासाठीच लिहायला घेतला.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. आठवीनंतर कायदा गप्प होतो. शहरातल्या बहुतेक उर्दू माध्यमिक शाळा जुन्या वस्तीत किंवा तिच्या कडेला आहेत. कुटुंब बाहेर राहायला गेलं की मुलगा सायकलवर, नंतर कोणाच्या तरी मोटारसायकलवर येतो. मुलगी रिक्षा लावली तरच येते. दोन मुलं आणि दोन मुली असलेल्या घरात रिक्षाच्या पैशांचा हिशेब होतो तेव्हा कोणाचं नाव खोडलं जातं हे सांगायला नको. बाप वाईट नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर अंधारात येणारी मुलगी आणि मुरमाचा सुनसान रस्ता असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यात कारणाचा एक रकाना आहे. त्यात आम्ही लिहितो, ‘पालकांच्या विनंतीवरून’. मी असे दाखले भरले आहेत. खरं कारण लिहायचं तर ‘वस्तीत शाळा नाही, शाळेपर्यंत रस्ता नाही’ असं लिहावं लागेल. त्या रकान्यात एवढी जागा नसते.

ही अडचण फक्त गरीब देशातली आहे असंही नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नानंतर मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीट नावाच्या भागात राहते. तिथेही माळरानावर नव्याने घरं उभी राहिली, आणि भारतातून गेलेली हजारो कुटुंबं तिथे स्थायिक झाली. फोनवर ती सांगते ते ऐकून मी थक्क होतो, कारण तक्रार ओळखीची असते. घर मोठं आहे, अंगण आहे, पण गाडीशिवाय दूध आणता येत नाही, नवरा दोन तास रस्त्यात असतो, शेजारी कोण राहतं ते माहीत नाही. त्यांच्या भागात रेल्वे स्टेशन २०१५ मध्ये सुरू झालं, लोक मात्र त्याआधीपासून राहत होते. पैसा असला तरी घर आधी आणि बाकी सगळं मागून आलं की बाई घरात अडकते, हे तिथेही खरं. फरक एवढाच की तिथे शाळेची जागा घरं विकण्याआधी आराखड्यात ठरलेली असते. शाळा उशिरा येते, पण येते. आपल्याकडे ती जागाच विकली गेलेली असते.

आता जरा अवघड मुद्दा. आपण वेगळ्या वस्त्यांमध्ये का जातो?

याचं अर्धं उत्तर आपल्या हातात नाही. शाळेजवळ भाड्याने घर शोधताना मी स्वतः अनुभवलं आहे. फोनवर घर रिकामं असतं, नाव सांगितलं की ते कालच गेलेलं असतं. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात हे नोंदवलं आहे की मुसलमानांना हव्या त्या भागात घर मिळणं कठीण जातं, आणि काही बँका विशिष्ट वस्त्या ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवून तिथे कर्ज द्यायला टाळतात. १९८८ ची दंगल ज्यांनी पाहिली त्यांच्या मनातली भीती लेख लिहून जाणार नाही. तेव्हा ‘आपल्या माणसांत राहिलेलं बरं’ असं म्हणणाऱ्याला मी हसणार नाही.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र आपण तपासायला हवं. ‘आपल्या माणसांत’ राहून जी सुरक्षा मिळणार होती ती मिळाली का? एजंट आपलाच होता, त्यानेच एक प्लॉट दोघांना विकला, अशी प्रकरणं प्रत्येक वस्तीत ऐकायला मिळतात. नकाशावर ‘ओपन स्पेस’ म्हणून दाखवलेली जागा विकणाराही आपलाच होता. घेणाराही आपलाच.

आणि दुसरा तोटा हळूहळू होतो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून तो मला लवकर दिसतो. आमच्या पिढीने मराठी शाळेत कमी आणि गल्लीत जास्त शिकली. आपल्या दखनीतला ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’तून आला, तो काही व्याकरणाच्या पुस्तकातून आलेला नाही. भाजीवाली, शेजारची काकू, क्रिकेटचा संघ, गणपतीसमोरचा पडदा, सगळीकडे भाषा मिळत होती. तिकडच्या मुलांनाही ईदच्या शीरखुर्म्याबरोबर दोन-चार उर्दू शब्द मिळत होते. आता माझ्या वर्गातल्या काही मुलांसाठी मराठी ही फक्त ३५ मिनिटांच्या तासात ऐकू येणारी भाषा आहे. राज्याने २०२० मध्ये कायदा करून प्रत्येक शाळेत मराठी सक्तीची केली. चांगलं केलं. पण ज्याच्याशी मराठी बोलायचं तो माणूसच वस्तीत नसेल तर तासाला घोकलेली भाषा परीक्षेपुरती राहते. पुढे तलाठ्यासमोर, बँकेत, पोलीस ठाण्यात तीच मुलं गप्प उभी राहतात.

प्रत्येक शेतमालक आपापल्या शेतात प्लॉट पाडतो, म्हणून एका ले-आउटचा रस्ता दुसऱ्याच्या रस्त्याला मिळत नाही. तो जुन्या बांधापाशी संपतो. बांधाच्या अलीकडे आपली वस्ती, पलीकडे दुसऱ्यांची. मग बांधावर भिंत येते, भिंतीवर काचा येतात. अलीकडेही टँकर, पलीकडेही टँकर. बहुतेक वेळा टँकर एकच असतो. तो मात्र दोन किलोमीटर वळसा घालून येतो आणि त्या वळशाचे पैसे दोघेही भरतात.

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी सरकारने कराव्यात, त्या मागत राहाव्यात. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

जे अजून प्लॉट घ्यायचे आहेत त्यांनी इसार देण्याआधी मंजूर ले-आउटचा नकाशा मागावा. एक एकर किंवा त्याहून मोठ्या मंजूर ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ती नकाशात कुठे आहे आणि प्रत्यक्षात कुठे आहे, ते उभं राहून पाहावं. जाताना बायकोला आणि मुलीला सोबत न्यावं. मुलीला विचारावं, इथून शाळेला कशी जाशील? तिला उत्तर सुचलं नाही तर भाव कितीही चांगला असो, तो प्लॉट महाग आहे.

जे राहायला गेले आहेत त्यांच्याकडे मस्जिद कमिटी असतेच. माणसं, हिशेब आणि विश्वास या तीन गोष्टी तिच्यापाशी तयार आहेत. त्याच कमिटीने महिन्याची एक बैठक रस्ता, अंगणवाडी आणि शाळेसाठी घ्यावी, आणि तिच्यात बायकांना बोलवावं, कारण दिवसभर वस्तीत त्याच असतात. मुलींसाठी वस्तीने मिळून एक गाडी लावली तर एका घराला न परवडणारी रिक्षा दहा घरांना परवडते. एवढ्याने काही दाखले तरी भरावे लागणार नाहीत.

आणि महापालिकेकडे अर्ज द्यायला जाताना बांधाच्या पलीकडच्या वस्तीलाही सोबत घ्यावं. शंभर घरांचा अर्ज फाइलीत पडून राहतो. दोन्हीकडच्या तीनशे घरांचा अर्ज, मराठीत लिहिलेला, दोन्हीकडच्या सह्यांचा, इतक्या सहज बाजूला ठेवता येत नाही. त्या अर्जात पहिली मागणी कोणती असावी याबद्दल मतभेद होतील. माझं मत विचाराल तर बांधापाशी अडलेला रस्ता आधी मागा. तो सुरू झाला की टँकर लवकर येईल, रिक्षा आत येईल, आणि पलीकडच्या मुलींबरोबर आपल्या मुली शाळेला निघतील.