हजेरीचा नियम कोणासाठीं?

जून महिन्याच्या उत्तरार्धांत भंडारा जिल्ह्यांत दोन गोष्टी बहुधा एकदमच सुरू होतात. बांध्यांत धानाचे पऱ्हे टाकण्याची घाई लागते, आणि उन्हाळ्याची लांब सुटी संपून शाळांची घंटा वाजूं लागते. इतर महाराष्ट्रांतील शाळा जूनच्या मध्यास उघडतात. विदर्भाच्या उन्हास मान देऊन येथील शाळा त्यानंतर कांहीं दिवसांनीं उघडतात. शाळा उघडली कीं खासगी माध्यमिक विद्यालयांच्या फलकावर वेळापत्रक व हजेरीचे नियम लागतात. अमुक वाजतां फाटक बंद होईल, इतके दिवस न आल्यास नांव कमी होईल, शेंकडा ७५ हजेरी न भरल्यास परीक्षेस बसूं दिलें जाणार नाहीं. असले कागद कोणी विचारपूर्वक वाचीत नाहीं. परंतु कोणत्या मुलाचें शिक्षण पुरें व्हावयाचें व कोणाचें अर्ध्यावर राहावयाचें, याचा निकाल वर्गांत लागण्यापूर्वीं पुष्कळ वेळां या कागदावरच लागून जातो. म्हणून त्याची चर्चा करणें आम्ही अवश्य समजतों.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीनें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, आणि २००९ सालचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. या कायद्याच्या परिशिष्टांत सहावी ते आठवी या इयत्तांसाठीं वर्षास निदान २२० दिवस व १००० तास अध्यापन झालें पाहिजे असें सांगितलें आहे. ध्यानांत धरण्याची गोष्ट ही कीं हा आंकडा मुलानें भरावयाचा नाहीं, शाळेनें भरावयाचा आहे. कलम १६ अन्वयें प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत मुलाचें नांव काढून टाकतां येत नाहीं, व कलम १७ अन्वयें शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई आहे. म्हणजे आठवीपर्यंत कायद्याचें ओझें मुख्यतः शाळेवर व सरकारवर आहे. नववीच्या उंबरठ्यावर हें छत्र संपतें. तेथून पुढें उरतो तो राज्य मंडळाचा शेंकडा ७५ चा नियम, आणि तो मात्र सर्वस्वीं मुलावर आहे. आठवींतील मूल न आलें तर त्यास शोधावयाचें, आणि तेंच मूल नववींत न आलें तर त्याचें नांव कमी करावयाचें, असा हा पालट एका उन्हाळ्याच्या सुटींत घडून येतो.

आतां हा नियम आमच्या जिल्ह्यांत कसा लागू पडतो तें हिशेबानेंच पाहूं; आमचे वाचक व्यापारी आहेत, त्यांस हिशेब सांगावा लागत नाहीं. वर्षाचे २२० दिवस धरले तर गैरहजेरीची मुभा ५५ दिवसांची. समजा, लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यांतील एका शेतमजुराची मुलगी नववींत आहे. रोवणीच्या दिवसांत आई पहाटे दुसऱ्याच्या बांधींत जाते. धाकटीं भावंडें व घर मुलीवर पडतें. तेथें १८ दिवस गेले. दिवाळीच्या मागेंपुढें कापणी व चुरणी, तिचे १५. तापाचे ८. नाल्यास पूर येऊन रपटा पाण्याखालीं गेला किंवा एस. टी. आलीच नाहीं, असे १०. घरच्या निकडीचे आणखी ६. बेरीज ५७ झाली. मुलगी उनाड नाहीं, मंद नाहीं, आळशी नाहीं. दोन दिवसांनीं ती नियमाच्या बाहेर गेली एवढेंच. आणि हें तिला कळतें केव्हां? बहुधा परीक्षा तोंडावर आल्यावर, जेव्हां गेलेला एकही दिवस परत मिळवितां येत नाहीं.

जो दूर राहतो त्याची कथा याहून निराळी नाहीं. या जिल्ह्यास वैनगंगा, बावनथडी, सूर, चुलबंद अशा नद्यांनीं व शेंकडों तलावांनीं समृद्ध केलें, पण त्याच पाण्यानें पावसाळ्यांत वाटाही अडविल्या. खेड्यांतील विद्यार्थ्याची खरी घंटा शाळेंत वाजत नसून एस. टी. च्या आगारांत वाजते. ग्रामीण मुलींस राज्य सरकारनें मोफत पास दिला, ही गोष्ट सर्वथा स्तुत्य आहे. पण पास हातांत असून गाडी वेळेवर नसेल तर पासानें अंतर तुटत नाहीं. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हां खेड्यांतील विद्यार्थ्यांचें शिक्षण त्या तांबड्या गाडीवर किती अवलंबून आहे हें सर्वांस दिसून आलें. गाडी ११ वाजून १० मिनिटांनीं पोंचावयाची आणि फाटक ११ वाजतां बंद व्हावयाचें, असें वेळापत्रक ज्या शाळेनें केलें, तिनें शिस्त लावली नाहीं. केवळ गांवांतल्या मुलास आंत घेऊन खेड्यांतल्या मुलास बाहेर उभें केलें.

याच नियमाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भंडाऱ्याहून नागपूर सुमारें ६० किलोमीटर. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठीं मोठ्या शहरांत जे शिकवणीवर्ग निघाले आहेत, त्यांत दहावीनंतरचीं सुखवस्तु घरचीं मुलें दिवसभर बसतात, आणि तीं कोठल्या तरी विद्यालयाच्या पटावर हजर असतात! ही आमची कल्पना नव्हे. हा प्रकार बोकाळला म्हणूनच २०१८ सालीं राज्य सरकारास विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा हुकूम काढावा लागला. आणि २०२४ सालीं केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें नांवापुरते विद्यार्थी दाखविणाऱ्या कांहीं शाळांची संलग्नता काढून घेतली. ज्यास शाळेंत यावयाचेंच नाहीं तो फी भरून हजर, आणि जिला यावयाचें आहे ती रोवणीमुळें गैरहजर, असा हा न्याय आहे. जो नियम बळिष्ठापुढें वाकतो आणि दुर्बळापुढें ताठ उभा राहतो, त्यास शिस्त हें नांव शोभत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं तुम्ही शिस्तीच्या मुळावर घाव घालीत आहां. तसें मुळींच नाहीं. मूल रोज शाळेंत आलें पाहिजे, वेळेवर आलें पाहिजे, याविषयीं आमचा कोणाशींही वाद नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं हजेरी हा दोन पक्षांचा करार आहे. ज्या पेढीच्या चोपडींत येणें तेवढें टिपलें जातें आणि देणें टिपलें जात नाहीं, त्या पेढीवर बाजारांत कोणी विश्वास ठेवील काय? हजेरीपटांत मुलाचें देणें रोज टिपलें जातें. शाळेचें देणें, म्हणजे शिक्षक वेळेवर वर्गांत गेले काय, नेमलेले तास झाले काय, हें पालकांस दिसेल अशा रीतीनें कोठें टिपलें जातें? पट हा पैशाचाही दस्तऐवज आहे, कारण पटसंख्येवर शिक्षकांचीं पदें व अनुदान ठरतें. म्हणूनच ऑक्टोबर २०११ मध्यें सरकारास साऱ्या राज्यांत एकाच वेळीं पटपडताळणी करावी लागली, व पटावरचीं असंख्य मुलें वर्गांत नसल्याचें उघडकीस आलें. पट फुगवावयाचा असतो तेव्हां न येणारें मूल चालतें. निकाल चांगला दाखवावयाचा असतो तेव्हां तेंच मूल नियमानें गळतें.

शिक्षकांवर सारा दोष टाकणेंही अन्यायाचें होईल. जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण या कामांस शिक्षक लावण्याची मोकळीक २००९ च्या कायद्यांतच आहे, आणि विनाअनुदानित शाळांतील कित्येक शिक्षक तुटपुंज्या पगारावर राबतात हें सर्वांस ठाऊक आहे. तरीही खासगी शाळांतील नोकरांस १९७७ सालच्या सेवाशर्तींच्या कायद्याचें संरक्षण आहे. त्यांस काढावयाचें तर चौकशी करावी लागते, त्यांचें म्हणणें ऐकावें लागतें, वर न्यायाधिकरण आहे. नववींतल्या मुलीस दोन दिवसांच्या तुटीसाठीं परीक्षेपासून दूर ठेवतांना तिचें म्हणणें कोण ऐकतो?

हा प्रश्न नवीन नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं स्पष्ट सांगितलें होतें कीं गरीब कुणब्याचीं मुलें गुरें राखण्यास व शेताच्या कामास लागतात म्हणून शाळेंत येत नाहींत. आणि उपाय म्हणून त्यांनीं अधिक शाळा, शिष्यवृत्त्या व बक्षिसें सुचवून निदान १२ व्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ मध्यें अमरेलींत व १९०६ मध्यें साऱ्या राज्यांत सक्तीचें शिक्षण सुरू केलें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें तोच मार्ग धरला. नामदार गोखले यांनीं १९११ मध्यें मांडलेल्या बिलांत सक्ती होती, पण महिना १० रुपयांहून कमी प्राप्ति असलेल्या पालकास फीची माफीही होती. तें बिल १९१२ मध्यें नामंजूर झालें. पुढें ज्या मध्यप्रांतांत भंडारा जिल्हा होता, तेथें १९२० सालीं प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. या साऱ्या थोर पुरुषांच्या विचारांत एक धागा समान आहे. मुलानें यावें असें म्हणण्यापूर्वीं त्याच्या वाटेंतला धोंडा काढावा. आम्हीं सक्ती तेवढी उचलली आणि धोंडा तसाच ठेवला!

बरें, शाळेची वेळ ही कांहीं ब्रह्मवाक्य आहे असेंही नाहीं. मुलांची झोंप पुरी होत नाहीं म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्यें सरकारनें चौथीपर्यंतचे वर्ग ९ वाजण्यापूर्वीं भरवूं नयेत असें ठरविलें. मार्च २०२५ मध्यें उष्म्यामुळें साऱ्या राज्यांत शाळा सकाळच्या केल्या. झोंपेसाठीं घंटा हलते, उन्हासाठीं हलते, तर एस. टी. साठीं व धानासाठीं ती कां हलूं नये?

येथें एक शंका येईल ती आधींच निवारतों. मुलांस बांधींत जुंपावें असें आम्ही म्हणत नाहीं. १९८६ सालच्या बालमजुरीच्या कायद्यांत २०१६ मध्यें दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलांस कोठेंही कामास लावण्यास मनाई झाली आहे. घरच्या कामांतील मदत तेवढी शाळेची वेळ सोडून चालते. हें बंधन शेतकऱ्याइतकेंच दुकानदारासही आहे. दिवाळीच्या गर्दींत गल्ल्यामागें किंवा मापावर शाळकरी पोर उभें करणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनीं मजुराच्या गैरहजर मुलीस नांवें ठेवूं नयेत. पण मजुराच्या घरची अडचण एका कायद्यानें नाहींशी होत नाहीं, तोंपर्यंत त्या मुलीचें नांव पटावर राखणें हें शाळेचें पहिलें कर्तव्य आहे. पटावरून एकदां उतरलेली मुलगी सहसा परत येत नाहीं. तिचें पुढें लग्न होतें.

आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. पहिली, भंडारा, तुमसर, साकोली व पवनी येथील आगारांच्या गाड्यांची वेळ विचारून मगच शाळांनीं घंटेची वेळ ठरवावी, आणि पहिला तास उजळणीचा ठेवावा. दुसरी, हजेरीपटांत गैरहजेरीचें कारण लिहावें व लागोपाठ तिसऱ्या दिवशीं शाळेचा माणूस घरीं जावा. तिसरी, हजेरीचा गोषवारा दरमहा पालकांस कळवावा आणि ज्याची तूट वाढत आहे त्याचे जादा तास दिवाळीनंतर लगेच घ्यावे. चौथी, सुटीच्या दिवसांची संख्या न वाढवितां दिवाळीची सुटी त्या त्या भागांतील कापणीशीं जुळवावी. पांचवी, फाटकाशीं जेथें मुलांचे नियम लागतात तेथेंच त्या दिवशीं न झालेल्या तासांचीही यादी लागावी.

यांतील कशासही विधिमंडळाची वाट पाहण्याची गरज नाहीं. खासगी शाळांच्या संस्थांवर कोण बसतात? आमचेच वाचक: वकील, डॉक्टर, धानाचे व कापडाचे व्यापारी, भातगिरण्यांचे मालक. २००९ च्या कायद्याप्रमाणें अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या स्त्रिया. मुलांकडे शेंकडा ७५ हजेरी मागणाऱ्या किती संस्था पालकांची ही शेंकडा ७५ जागा प्रामाणिकपणें भरतात, आणि त्यांत मजुरी करणाऱ्या आया किती असतात, याचें उत्तर त्यांनीं आधीं द्यावें. रोवणी करून आलेली एक बाई त्या बैठकीस बसली तर वेळापत्रक कसें असावें हें ती अर्ध्या घटकेंत सांगेल. तिला बोलावून मग फाटक बंद करण्याची वेळ ठरवावी, एवढीच या संस्थांच्या चालकांस आमची विनंति आहे.