मग बॉम्ब ठेवले कोणी?

‘अतिरेक्यांना कसले आलेत मानवाधिकार?’ आमच्या काष्टीत शनिवारच्या बाजारात चहाच्या टपरीवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. तुमच्या फॅमिली ग्रुपवरही येत असणार. त्यातल्या रागाबद्दल माझी तक्रार नाही. हरकत आहे ती ‘अतिरेकी’ या शब्दाला. समोरचा माणूस अतिरेकी आहे हे ठरवलं कोणी, आणि कशावरून?

11 जुलै 2006 ला मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट झाले. कामावरून घरी निघालेली 180 हून अधिक माणसं मेली. मानवी हक्कांवरचा सगळ्यात मोठा घाला तोच, यात दुमत नाहीच. एटीएसने 13 जणांवर मोक्काखाली खटला भरला. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. तेरावे अब्दुल वाहिद शेख, पेशाने शिक्षक, नऊ वर्षं आत काढून निर्दोष सुटले. पुढे 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यातले कमाल अन्सारी 2021 मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोविडने गेले होते.

उच्च न्यायालयाने काय म्हटलं ते बघा. कबुलीजबाब छळ करून घेतलेले, त्यांतला मजकूर ठिकठिकाणी एकसारखा. टॅक्सीवाले साक्षीदार शंभराहून जास्त दिवस गप्प. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घ्यायचा अधिकारच नव्हता. बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता, हेसुद्धा सरकारी पक्षाला दाखवता आलं नाही. आमच्या बाजारात बैल घेणारा दात बघतो, चालवून बघतो, मगच पैसे मोजतो. इथे पाच जणांना फाशी सुनावली गेली होती! (तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला मनाई केली. पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.)

हे एखाद्या वाईट अधिकाऱ्यामुळे घडतं असं समजू नका. साध्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. मोक्कात एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा चालतो. मग पुरावा शोधत उन्हातान्हात फिरायचं कशाला? माणूस कोठडीत आहेच. 26/11 नंतर यूएपीएमध्ये चार्जशीटसाठी 180 दिवसांपर्यंत मुदत मिळाली आणि जामिनाचं दार जवळपास बंद झालं. खटला हरला तरी आरोपीची वर्षं गेलेली असतात.

आता आपल्या ढोंगाबद्दल. त्या निकालानंतर दहाच दिवसांनी, 31 जुलैला, 2008 च्या मालेगाव स्फोटातले प्रज्ञासिंह ठाकूर, प्रसाद पुरोहित यांच्यासह सातही आरोपी सुटले. छळाचे आरोप तिथेही होते. ज्या ग्रुपवर आधीच्या निकालाला शिव्या होत्या, तिथेच आता सत्याचा विजय झाला. दुसऱ्या बाजूच्या ग्रुपवर बरोबर उलटं. मालेगावात सहा जण मेले होते. त्यांना कोणी मारलं, हा प्रश्न दोन्हीकडे कोणी टाकला नाही. नाव पाहून पोलिसांचा छळ खरा की खोटा ठरवणाऱ्याने मानवाधिकारांवर बोलूच नये.

‘मग अतिरेक्यांना सोडून द्यायचं का?’ नाही. कसाब आठवा. साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलून त्याला जिवंत पकडू दिलं. त्याला वकील मिळाला, अपील मिळालं, पुरावा तिन्ही न्यायालयांत टिकला आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली. हक्क दिल्याने तो सुटला नाही. सुटका होते ती कबुलीजबाबावर उभ्या केलेल्या खटल्यात, आणि तेव्हा लोकलमध्ये मेलेल्यांच्या घरच्यांच्या हातीही काही उरत नाही. खरा गुन्हेगार शोधायची वेळ तोवर निघून गेलेली असते.

आणि सुटलेल्यांचं काय? चुकीच्या खटल्यात आयुष्य गेलेल्यांना भरपाई देणारा कायदा करा, असं विधी आयोगाने 2018 मध्ये आपल्या 277 व्या अहवालात सरकारला सांगितलं. 2025 मध्ये हे लोक तुरुंगाबाहेर आले, तेव्हाही तो कायदा झालेला नव्हता.